घराण्याचा आजार

आमची ही ज्या कारखान्यात बुटांना सोल चिकटवायची, त्याच्या दारावर पाटी होती : 'आपण सारे एक कुटुंब'. नियम कडक होता. मॅनेजरला थोरले दादा म्हणायचं आणि मुकादमाला काका, मग तो वयाने धाकटा का असेना.

सोल चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने हिला गरगरायचं. खिडकी उघडा, असं तिने काकांना सांगून पाहिलं. घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं, असं काका म्हणाले. मग तो वास ही रोज केसांतून आमच्याकडे आणायची. वर म्हणायची, "सासरपेक्षा हे कुटुंब बरं. रविवारी सुट्टी तरी देतं."

पुढे हिच्या अंगावर उगीचच काळेनिळे डाग उठायला लागले. रक्ताचा कॅन्सर निघाला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की सोल्युशनमधलं रसायन हाडांतल्या मज्जेपर्यंत जातं आणि तिथल्या पेशींची गुणसूत्रं तोडतं. म्हणजे ही जन्माला धड आली होती, कामावर मोडली.

ही गेल्यावर कारखान्याने चौकशी समिती नेमली. काका आणि कारखान्याचे डॉक्टर, अशी दोघांची. इस्पितळाच्या कागदांत 'गुणसूत्र' हा शब्द सापडल्यावर डॉक्टरांना हायसं वाटलं. गुणसूत्र म्हणजे घराणं, बाईचं घराणं म्हणजे माहेर, सबब आजार माहेरचा. माझ्या सासूबाई अजून दाताने अक्रोड फोडतात, हे मी नजरेस आणून दिलं. घराण्याचे आजार लाजाळू असतात, सगळ्यांना तोंड दाखवत नाहीत, असं डॉक्टरांचं मत पडलं.

मग थोरल्या दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मुलीला आईच्याच टेबलावर घेण्याचं कुटुंबाने ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी ती खिडकी उघडा.

"कशाला?" दादा म्हणाले. "आजार वारशाने येतो, तशी जागाही वारशाने. तिच्या रक्तातच असेल, तर आमचं सोल्युशन आणखी काय बिघडवणार?"

"आजार कुटुंबातून आला हे मला मान्य आहे, दादा," मी म्हणालो. "कुटुंब कोणतं, ते दारावर तुम्हीच लिहिलंय."

दुसऱ्याच दिवशी तातडीने कारवाई झाली. पाटी उतरवली. आणि त्या खिडकीच्या फटीतून जरा वारा येत होता, म्हणून तिथे आडवी ठोकली.

मुलीला मी पाठवलं नाही. "बाबा, आईच्या जागेवर दुसरी कुणीतरी बसेल," ती म्हणाली. बसलीच. शेजारणीची लेक.

तुम्ही मात्र जिवाला लावून घेऊ नका. नव्या बुटांचा खोका उघडलात की बूट आधी नाकाशी नेता, डोळे मिटता, म्हणता, काय कोरा वास आहे. कोरा कुठला. आमच्या हिच्या केसांचा आहे तो.