केरबाची घरगुती सुरी

एका जंगलात, मुलांनो, केरबा नावाचं एक अस्वल राहत होतं आणि त्याला वीस नखं होती. पुढच्या पंजांना दहा, मागच्यांना दहा. आकडा लक्षात ठेवा. गोष्ट संपताना तो कमी भरेल, तेव्हा मला विचारायला येऊ नका.

केरबाच्या दारात फणसाचं झाड होतं आणि घरात लग्नाची मुलगी. तिचं नाव झेलू. झाडाला फणस पुष्कळ यायचे. झेलूला स्थळ एकच आलं होतं. तेही गेल्या साली मोडलं.

मोडलं असं, की पाहुणे आले आणि केरबाने घमघमीत फणस आणून सगळ्यांसमोर नखांनी फाडला. अस्वलं फणस असाच फाडतात. पण चिकाचा एक थेंब मुलाच्या आत्याच्या मिशीवर उडाला. पाहुणे "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

केरबाची बायको गोदाक्का, तिने वर्षभर विचार करून निकाल दिला. शिकलेल्या घरात फणस सुरीने कापतात. आपल्या घरात सुरी नाही, म्हणून मुलगी राहिली. आता पलीकडच्या डोंगरावरचे दाजीबा महिन्याभराने आपल्या मुलासाठी मुलगी बघायला येणार होते, आणि हेही स्थळ गेलं तर तिसरं येणार नव्हतं.

सुरी मिळायची चिमाबाईकडे. चिमाबाई म्हणजे घोरपड. वडाखाली तिचं दुकान होतं. एका सुरीला मधाचं एक भरलेलं पोळं, असा तिचा भाव. केरबाने सुरी उचलली, उलटीपालटी केली, खाली ठेवली. म्हणाला, एवढ्याशा लोखंडाला अख्खं पोळं कशाला? ही तर मी घरच्या घरी बनवीन.

असं म्हणणारं गिऱ्हाईक दुकानात रोज एक तरी येतं, मुलांनो. दुसरा दुकानदार असता तर वाद घालत बसला असता. चिमाबाई उठली आणि आतून लोखंड घासायची एक कानस घेऊन आली.

"बनवा की, दादा. स्वतःच्या हातच्या सुरीची सर माझ्या मालाला कुठली? ही कानस न्या. हिचं काही द्यायचं नाही."

केरबाला गहिवरून आलं. वाटेत भेटेल त्याला तो सांगत गेला, की दुकानदार असावा तर असा.

जंगलातल्या सडकेवर ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा पडला होता. तो केरबाने घरी आणला. आधी विस्तवात लाल केला, मग राखेत पुरून सावकाश निवू दिला, म्हणजे लोखंड मऊ पडतं. हे त्याने अगदी बरोबर केलं. मग कोळशाने सुरीचा आकार काढला, पाटा झाडाच्या बेचक्यात ठोकून बसवला आणि कानस हातात घेतली.

कानस हातात बसेना. नखं मधे यायची. चार वेळा घासलं, की पाचव्याला कानस सुटून पायावर. दोन दिवस त्याने पाय चोळले. तिसऱ्या दिवशी त्याने कानशीकडे पाहिलं, मग नखांकडे पाहिलं, आणि कुठल्याही शिस्तीच्या कारागिराला सुचेल तेच त्याला सुचलं.

उजव्या पंजाची पाच नखं घासायला सकाळ पुरली. कानस फार सुरेख चालली. एक पंजा तसाच ठेवणं बरं दिसेना, म्हणून दुपारी डावाही केला.

झेलू वारूळ खणून परत आली, तिने पाहिलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"कामाला हात मोकळा लागतो."

"आणि फणस कशाने फोडणार?"

"अगं, फणसासाठीच तर चाललंय सगळं."

काही उत्तरं अशी असतात, की पुढे प्रश्न उरतच नाही.

एकवीस दिवस केरबा कानशीने घासत होता. घरचं पोट तेवढे दिवस झेलूच्या वारुळांवर चाललं. मग त्याने पातं लालभडक करून करंजाच्या तेलात बुडवलं, म्हणजे धारेला पाणी दिलं. त्यात डाव्या कानाचे केस गेले. बघायला आलेलं एक साळिंदर म्हणालं, झाली की सुरी. केरबा म्हणाला, नुसतं कडक पातं काचेसारखं तुटतं, आणि निखाऱ्यावर ते पुन्हा हळूहळू शेकलं, वाळल्या गवतासारखं पिवळं होईपर्यंत. बाभळीची मूठ बसवली. नदीच्या दगडावर धार काढली.

सुरी जराशी डावीकडे वाकडी होती. सपाट दगडावर ठेवली, की आपोआप फिरून केरबाकडे तोंड करायची. केरबाला त्यात माया दिसायची.

गोदाक्का इतकी हरखली, की तिने स्वतःची नखंही त्याच कानशीने घासून टाकली. सुरीवाल्या घरच्या बाईला ती शोभत नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं.

पाहुण्यांच्या दिवशी केरबाने पात्याला तेल लावलं आणि फणस कापला. चिकाचा एक थेंब उडाला नाही. कापताना त्याने ट्रकच्या पाट्यापासून सगळी हकीकत सांगितली. पाहुणे गऱ्यांकडे बघत ऐकत होते.

गरे संपल्यावर दाजीबा म्हणाले, "आता पंजा बघू, व्याही."

अस्वलांत मुलीचं तोंड बघत नाहीत, बापाचा पंजा बघतात. बापाची नखं तशी मुलीची, आणि नखं तसं घर. गेल्या सालच्या पाहुण्यांनी याच नखांचं तोंड भरून कौतुक केलं होतं, हे केरबाला आत्ता आठवलं.

दाजीबांनी पंजा उलटा केला, सुलटा केला.

"नखं कुठायत?"

केरबाने सुरी पुढे केली. "यात गेली."

"हिने वारूळ खणता येतं?"

"अजून बघितलेलं नाही," केरबा खरं तेच बोलला.

गोदाक्काने आपले पंजे पाठीमागे घेतले. दाजीबा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात झेलू दुसरा फणस घेऊन पुढे आली, तो दोन्ही पंजांनी टराटरा फाडला आणि अर्धा दाजीबांपुढे ठेवला. चिकाचा थेंब थेट दाजीबांच्या नाकावर बसला.

दाजीबांनी तो चाटून पाहिला.

"मुहूर्त कधीचा धरायचा?" ते म्हणाले.

निघताना विहीणबाईंनी सुरी मागितली. वापरायला नव्हे, गुहेत दर्शनी ठेवायला. विहिणीला नाही कसं म्हणणार?

झेलू आपली नखं घेऊन सासरी गेली. केरबाच्या झाडाला फणस लगडले आणि खाली दोघं नवरा-बायको वर बघत बसले.

सुरीची कीर्ती मात्र जंगलभर झाली. जो तो घरच्या घरी सुरी बनवायला निघाला. कानस मुंगसाकडे गेली, उदमांजराकडे गेली, बिबट्याकडे गेली. सगळ्यांनी सुरुवात नखांपासून केली. पाट्यापर्यंत फारसं कुणी पोचलं नाही.

शेवटी झेलूने माहेरी धाडलेलं मधाचं पोळं घेऊन केरबा वडाखाली गेला. तिथे रांग होती. रांगेत उभ्या उभ्या त्याने मुंगसाला, पातं किती पिवळं शेकावं, ते समजावून सांगितलं. त्याच्या शब्दाला मान होता.

चिमाबाईने सुरी पळसाच्या पानात बांधून दिली.

"दादा, कानस नाही आणलीत परत?"

"बिबट्याकडे आहे."

"असू द्या, असू द्या. त्यांचं झालं, की तिकडूनच पुढे द्यायला सांगा."

तात्पर्य: स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूला तोड नाही. म्हणून, मुलांनो, मोठेपणी दुकान घातलंत तर सुरी खुशाल महाग विका. कानस मात्र फुकट देत जा.