गिळोबाचा बंदोबस्त

एका जंगलात एक म्हैस होती. आता तुम्ही म्हणाल, गोष्ट म्हशीची. नाही बाळांनो, गोष्ट म्हशीच्या आतल्या राज्याची आहे. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पहारा असे. त्यात गिळोबा नावाचा एक पहारेकरी होता. जाडजूड, मायाळू आणि बढतीसाठी नुसता हपापलेला.

पहाऱ्याचा रिवाज सोपा होता. चोर दिसला की अख्खा गिळायचा. गिळला की मेला असं धरायचं. पुढे पोटात काय होतं ते विचारणं वाईट दिसे.

एके दिवशी घुसोजी नावाचा जंतू आला. पळाला नाही, लपला नाही. नमस्कार करून समोर उभा राहिला.

"गिळताय ना?"

"गिळणारच. तू घाबरत कसा नाहीस रे?"

"छे हो. रक्तात धक्के खाऊन जीव कंटाळलाय."

गिळोबाने आ केला. घुसोजी आत गेला आणि पाय पसरून बसला. आयतं जेवण, वर दाराशी पहारा. असा पाहुणचार सासुरवाडीतही मिळत नाही. बघता बघता एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि मग मोजायला कुणाला सवड होती?

इकडे पहाऱ्याचे प्रमुख जमादारकाका यांनी गिळोबाची पाठ थोपटली. बढतीची बोलणी सुरू झाली. आणि गिळोबाच्या पोटात कुणीतरी खिदळलं. चोर जिवंत आहे हे त्याला कळून चुकलं. पण बोलला असता तर बढती गेली असती.

म्हशीला ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. अस्वल वैद्याने औषध पाठवलं. औषध गुणी होतं, पण फार सभ्य. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे.

"चोर आहे का हो आत?" त्याने दारातूनच विचारलं.

गिळोबाच्या ओठावर खरं आलं होतं. एका शब्दाने त्याचा जीव वाचला असता. तेवढ्यात त्याला समोरून जमादारकाका येताना दिसले.

"चोर? तो केव्हाच गिळला," गिळोबा म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला," म्हणत औषध पुढच्या दारी गेलं.

त्याच संध्याकाळी गिळोबा फुटला. बिचारा. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आतून घुसोजीचं सगळं खानदान बाहेर पडलं. जमादारकाकांना आनंद आवरेना. "पोरांनो, चोरच चोर आलेत. आज सगळ्यांना बढती आहे." पहारेकरी आ वासून धावले. चोरांनीही ढकलाढकली केली नाही, शिस्तीत रांग लावली.

बाहेर जंगलाचा राजा होता सिंह. दूध उकळून पिणं त्याला कमीपणाचं वाटे. तो म्हशीचं धारोष्ण दूध प्याला. काही दिवसांनी त्याचंही अंग मोडून आलं.

वैद्याने नाडी धरून विचारलं, "महाराज, आपल्या आतला पहारा कसा आहे?"

"उत्तम," सिंह कण्हत म्हणाला. "माझ्या अंगात एकही चोर मोकळा फिरताना सापडायचा नाही."

तात्पर्य : बाळांनो, गिळलेला चोर जिवंत आहे हे कधीही कबूल करू नये. आपण फुटेपर्यंत आपली अब्रू शाबूत राहते. आणि आपली बढतीही वाया जात नाही, ती दुसऱ्याला मिळते.