पत्नीचा रकाना

आमच्या राजापेठेतले पुंडलिककाकाजी उमेदवाराचा पक्ष बघत नाहीत, जात बघत नाहीत, भाषण तर ऐकतच नाहीत. उमेदवाराच्या बायकोच्या नावावर काय आहे ते बघतात आणि त्यावर मत देतात. बाई उमेदवार असली आणि तिच्या स्वतःच्या नावावर काही निघालं की त्यांना आनंद होतो.

हा नाद त्यांना चार वर्षांपूर्वी सुमनकाकू गेल्यानंतर लागला. रिकामा वेळ झाला, दुसरं काय, असं गल्लीनं धरून चाललं. उमेदवारी अर्ज भरून झाले की काकाजी माझ्या शिकवणी वर्गात येतात आणि प्रश्नपत्रिका छापणारा माझा प्रिंटर उमेदवारांची शपथपत्रं छापू लागतो. काकाजी चष्मा कपाळावर चढवतात, कागद नाकाजवळ नेतात आणि संपत्तीच्या तक्त्यातला 'स्वतः' हा रकाना ओलांडून थेट 'पत्नी'वर जातात. बाकी सगळं त्यांच्या लेखी पाल्हाळ.

पाल्हाळाचा त्यांना जुना राग आहे. चाळीस वर्षं त्यांनी रजिस्ट्री कार्यालयासमोर टेबल टाकून लोकांची खरेदीखतं लिहिली. एक ओळ जास्त पडली की ती कोर्टात नेते, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे. कोणी म्हणालं की आजोबांनी या जमिनीत स्वतःच्या हातानं विहीर खोदली होती, तेवढं टाका, तर उत्तर ठरलेलं, "ते घरी सांगा. हा दस्त हाये."

आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची खतं काकाजींच्या अक्षरात आहेत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. निवडणुकीतला त्यांचा शब्द एकच असतो: "जो घरात वाटा देत नाही, तो वार्डाले काय देईन?"

या वेळी महापालिकेला विलासभाऊ उभे राहिले. दोन मंगल कार्यालयं, एक पेट्रोल पंप आणि चांदूर बाजारकडे संत्र्याचा बगीचा. आकडे वाचून गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, याचं पोट भरलेलं आहे, हा खाणार नाही. दुसरा म्हणे, न खाता एवढं पोट भरतं कसं? समोरच्या उमेदवाराकडे फक्त एक स्कूटर होती. त्याच्याविषयी दोन्ही तटांचं एकमत झालं की हा उपाशी आहे, पहिली पाच वर्षं हाच जेवेल.

काकाजींनी पत्नीचा रकाना पाहिला. तिथे लिहिलं होतं, निरंक. मंगळसूत्रसुद्धा नव्हतं.

ही बातमी फुटली आणि विलासभाऊ बायकोला घेऊन काकाजींच्या घरी आले. गल्लीतल्या चाळीस घरांच्या मतांचा प्रश्न होता. मीही चहापुरता हजर होतो. वहिनींच्या गळ्यात चांगलं ठसठशीत मंगळसूत्र होतं. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग शपथपत्राकडे पाहिलं आणि रकाना रिकामा का, एवढंच विचारलं.

विलासभाऊ मनमोकळं हसले. म्हणाले, "काकाजी, सारं तिचंच तं हाये. कागदावर आनलं काय नं नाही आनलं काय."

वहिनी बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिल्या. याआधी दोन उमेदवारांना याच खुर्चीत घाम फोडणारे काकाजी आता सोलून काढतील, म्हणून मी सावरून बसलो. पण ते पाणी आणतो म्हणून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. पाहुण्यांना मीच निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी गल्ली काकाजींच्या निकालाची वाट बघत होती. काकाजींनी सांगितलं की ज्याला जे वाटेल त्यानं ते करावं, मला सांगायचा हक्क नाही. विलासभाऊ आरामात निवडून आले. पोट भरलेलं आहे म्हणणारे जास्त निघाले.

आठवडाभरानं काकाजी म्हणाले, साक्षीदार म्हणून चल. राहतं घर ते मुलीला बक्षीसपत्रानं देणार होते. ज्योतीताई अकोल्याहून, जठारपेठेतल्या सासरहून, सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. रजिस्ट्री कार्यालयासमोर, जिथे त्यांचं टेबल असायचं, तिथे काकाजी थांबले.

"विलास बोलला ना, सारं तिचंच तं हाये," ते म्हणाले. "हे मीच बोललो होतो बाप्पा. इथंच."

घर घेतलं ते काकूंच्या पाटल्या आणि गोफ मोडून. खरेदीच्या दिवशी काकूंनी विचारलं होतं की माझंही नाव टाकता येतं का. काकाजी तेव्हा स्वतःच खत लिहीत होते. नाव टाकायला दोन शब्दांची शाई लागली असती. त्यांनी हसून ते उत्तर दिलं आणि काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला ऐकताना वाईट वाटलं आणि त्यांचा थोडा रागही आला.

बक्षीसपत्राचा मसुदा काकाजींनी हातानं लिहिला होता. तो टाइप करणाऱ्या बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या एका ओळीपाशी अडल्या: 'सदर घर माझी पत्नी कै. सुमन हिचे दागिने मोडून घेतलेले असून ते पहिल्यापासून तिचेच होते.'

"काकाजी, ही काढू का? कायद्यानं लागत नाही. तुमीच शिकवलं."

ज्योतीताईंनी वाकून ती ओळ वाचली आणि वडिलांचा हात धरला.

"राहू द्या बाई," काकाजी म्हणाले. "ती असंन तरच मी सही करतो."

ओळ राहिली. त्यांनी सही केली आणि त्याखाली साक्षीदार म्हणून मी.