तात्यांची रशियन विभक्ती

आमच्या शेजारचे तात्या परब पाण्याला 'ती' म्हणतात. "माठातली ती जरा आण रे," हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरात कोण बाई आलीय म्हणून डोकावून बघितलं. काकी गेल्यापासून तात्या एकटेच. पण रशियनमध्ये पाणी स्त्रीलिंगी! दूध मात्र तिथेही नपुंसकलिंगी, एवढ्यावरून तात्यांनी रशियन माणूस आपलाच ठरवून टाकलाय.

तरुणपणी तात्या गोदीत होते. रशियन बोटी लागायच्या, खलाशांशी बोलताबोलता भाषा आली, मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन व्याकरण पक्कं केलं. पुढे सगळं वाया. लालबागमध्ये रशियन बोलणार कोणाशी? पण लंडनच्या नातवाने, नीलने, शाळेत रशियन घेतलं आणि तात्यांचं नशीब उघडलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवणी. तात्या मराठीत समजावणार, नीलला कळतं फक्त इंग्रजी, म्हणून मध्ये दुभाष्या मी. इंग्रजी माध्यमाचा, आणि चहावर भागणारा.

"सांग त्याला, नाव एकच, शेपूट बदलतं. रामाने, रामाला, रामाचा." मी ऐटीत सुरू केलं. तेवढ्यात तात्या म्हणाले, "इथे चतुर्थी." मी थेट गणपतीवर गेलो, मोदकापर्यंत पोचलो.

"अरे मेल्या, विभक्ती! शाळेत शिकलास की नुसता टाय बांधून बसलास?"

एकदा नीलने विचारलं, 'आय अ‍ॅम'मधला 'अ‍ॅम' रशियनमध्ये कुठे गेला? तात्यांनी छाती ठोकली. "मी तात्या! यात 'आहे' कशाला हवं? समोर दिसतोय ना!" मला हे इंग्रजीत जमेना. शेवटी मी तात्यांकडे बोट दाखवून नुसतं 'तात्या!' म्हटलं, तेव्हा नीलला कळलं.

चूक मात्र तात्यांना खपत नाही. एक शेपूट चुकलं की वाक्य पहिल्यापासून. आणि प्रत्येक शिकवणीची सुरुवात एकाच रशियन प्रश्नाने, "जेवलास काय?" नील तोंडातल्या तोंडात 'येस' म्हणून पान उलटायचा.

शेवटी मी म्हटलं, "तात्या, त्यापेक्षा मराठीच शिकवा की. मी तरी सुटेन."

"मराठीला त्याच्या शाळेत मार्क नाहीत रे. मार्कांसाठी तरी माझ्यासमोर बसतो."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी चहाही मागितला नाही.

परीक्षा संपली. तरी पुढच्या रविवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, फोन डब्याला टेकवून बसले. ठरलेली वेळ टळली. चहा गार झाला. "तिथे नेट गेलं असेल," मी म्हटलं. तात्यांनी फोन डब्याला पुन्हा नीट टेकवला.

आणि फोन वाजला. नील अडखळत रशियनमध्ये काहीतरी बोलला. मी सवयीने पुढे सरकलो, तर तात्यांनी मला कोपराने बाजूला केलं. मग दोघंच बोलत राहिले, हसले. माझी नोकरी गेली.

"काय म्हणाला?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"जेवलात काय, विचारल्यान. आपणहून." तात्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शेपूट चुकवलान मेल्यान."

"मग सुधारलं नाहीत?"

"आज नाय," म्हणत तात्या ताटं घ्यायला उठले. "तू पण बस जेवायला. आणि माठातली ती आण."

मी मुकाट्याने तिला घेऊन आलो.