कॉम्प्युटरने दुसऱ्यांदा विचारलंच नाही

"आई, तुझं ते पत्र कुणी वाचतं का गं?"

जनेल टॉलेफसन उकडलेले बटाटे कुस्करत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. तिची लेक ब्रिटा मनातून खूश झाली. विचारलं! एकदाचं तोंडावर विचारलं! मैत्रिणींनी, हुदा आणि केल्सीने, शाळेत जेवणाच्या सुट्टीत पैज लावून तिला डिवचलंच होतं. "तू विचारणार? तू? अगं, सोळा वर्षांत तू हॉटेलात ‘सूप गार आहे’ एवढं तरी कधी म्हणालीस का?" पण ती जुनी ब्रिटा. या वर्षीची ब्रिटा शाळेच्या कॉम्प्युटर क्लबची उपाध्यक्ष होती, आणि उपाध्यक्ष काहीही विचारू शकते.

ते पत्र म्हणजे टॉलेफसनांच्या घरचं वार्षिक पत्र. दर नाताळात जनेल दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद एकशे बारा घरी धाडायची. ब्रिटाचे किती दात पडले आणि किती सापडले, लोणच्याच्या किती बरण्या भरल्या, डॅरिलने म्हणजे बाबांनी यंदा कोणता छंद धरला आणि तो कधी सोडला, हे सगळं त्यात असायचं. एकोणीस वर्षं एकही नाताळ चुकला नव्हता.

"वेगळाच प्रश्न आहे हं," जनेल बटाट्यांकडे बघत म्हणाली.

मिनेसोटातल्या त्यांच्या लेक हेलन गावात ‘वेगळाच’ हा शब्द लोक शेजाऱ्याने घराला जांभळा रंग लावला की वापरतात. ब्रिटा पैज जिंकली, आणि तिची खुशी तिथेच विरली.

नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला. दर वर्षी या दिवशी जनेल कॉफीचा मोठा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायची. या वेळी ती सोफ्यावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

"यंदा माझ्या माशांबद्दल नाही लिहायचं?" डॅरिलने भीत भीत विचारलं. बर्फाखालच्या माशांना भुलवायला लाकडाचे मासे कोरायचा त्याचा नवा छंद होता. आत्तापर्यंत नऊ मासे झाले होते. त्यातले दोन तरंगत होते, जे बुडायला हवे होते.

"कोण वाचतंय," जनेल म्हणाली. "आणि त्या कॉम्प्युटरला जाग यायलाच अर्धा तास लागतो."

पहिलं वाक्य ब्रिटाला काट्यासारखं टोचलं. दुसऱ्याने तिला उपाय सुचवला. क्लबमध्ये त्यांनी नुकतीच एक फुकट मिळणारी नवी सिस्टिम जुन्या मशिनांवर चढवली होती, आणि म्हातारी मशिनं अगदी तुरुतुरु पळायला लागली होती. आईचा कॉम्प्युटर असा पळाला, की आई पुन्हा लिहायला बसेल. बसायलाच हवी! नाहीतर एकोणीस वर्षांची गोष्ट एका पैजेपायी संपली, असं व्हायचं.

शनिवारी आईबाबा गाडीला बर्फात चालणारे टायर बसवायला गेले, तशी ब्रिटाने बाह्या सरसावल्या. सगळं झकास चाललं होतं. भाषा निवडली, घड्याळ लावलं. मग पडद्यावर अगदी अदबीने प्रश्न आला: जुन्या फायली सांभाळून ठेवू का?

आता, लेक हेलनमध्ये कुणी काही देऊ केलं तर लगेच ‘हो’ म्हणायची पद्धत नाही. पहिल्यांदा ‘नको नको, उगाच तुम्हाला त्रास.’ दुसऱ्यांदा ‘नाही हो, खरंच नको.’ तिसऱ्यांदाही आग्रह झालाच, तर ‘बरं, अर्धा कप चालेल.’ ब्रिटाचं बोट लहानपणापासूनच्या वळणाने आपोआप ‘नको’वर गेलं, आणि ती पुढच्या आग्रहाची वाट बघत बसली.

कॉम्प्युटर काही मिनेसोटाचा नव्हता. त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

वीस मिनिटांनी पडद्यावर एक सुंदर निळा डोंगर उगवला. कॉम्प्युटर वीस सेकंदांत जागा होत होता. त्याच्या पोटात काहीही नव्हतं. एकोणीस पत्रं नव्हती, एकशे बारा पत्ते नव्हते. छापलेली प्रत जनेलने कधी ठेवलीच नव्हती, कारण "कॉम्प्युटरमध्ये आहे की."

ब्रिटाने आधी हुदाला फोन केला. "सरळ सांगून टाक," हुदा म्हणाली. "‘आई, मी सगळं पुसलं.’ चार शब्द आहेत."

"आमच्या घरात असं बोलत नाहीत गं!"

"मग कसं बोलतात?"

कसं बोलतात, ते ब्रिटाने पुढच्याच फोनवर दाखवलं. गावातच राहणाऱ्या मार्लिस मावशीला, आईच्या थोरल्या बहिणीला, तिने फोन लावला.

"मावशी, आईची जुनी नाताळची पत्रं तू ठेवलीयस का गं?"

"ठेवली असतील की. का गं?"

"काही नाही, सहजच. वाटलं, जवळ असावीत. सगळी."

मावशीचा आवाज उतरला. "जनेल बरी आहे ना?"

"हो! म्हणजे... तिला अजून काही माहीत नाहीये. तू तिला बोलू नकोस हं. आणखी कुणाकडे असली, तर गुपचूप मला मिळतील का? जरा लवकर?"

"लवकर," मार्लिस मावशी म्हणाली आणि जवळच्या खुर्चीत बसली. "बाई गं. लवकर."

चार वाजता शेजारच्या ऑस्टबी काकू दारात उभ्या. हातात हॉटडिशची मोठी चौकोनी थाळी: खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांच्या शिस्तबद्ध रांगा. "जरा जास्तच झाली हो," त्या म्हणाल्या आणि जनेलचा हात गरजेपेक्षा चार सेकंद जास्त धरून ठेवला. जाता जाता त्यांनी ब्रिटाच्या खिशात एक पाकीट सरकवलं आणि डोळे टिपले. पाकिटात २०१३ आणि २०१५ ची पत्रं होती.

ब्रिटा आनंदाने उडायचीच बाकी होती. युक्ती चालली!

रविवारी तीन हॉटडिश आल्या, सोमवारी चार. प्रत्येकाकडे ‘जरा जास्तच’ झाली होती. प्रत्येक थाळीच्या बुडाला कागदी चिकटपट्टीवर घराचं नाव होतं आणि प्रत्येक थाळीबरोबर एक गुपचूप पाकीट. फ्रिज भरला, मग गराजमधल्या थंडीत थाळ्यांची चळत लागली. लेक हेलनमध्ये एका घरी एवढ्या हॉटडिश घरात कुणाचं मोठं दुखणं असलं तरच येतात, हे जनेलला चांगलं ठाऊक होतं. तिने स्वतः कितीतरी घरी पोचवल्या होत्या. विचारायचं मात्र नसतं.

मंगळवारी तिने ब्रिटाला कपडे वाळवायच्या मशिनमागे गाठलं. "बाबा तुला थकल्यासारखे वाटतात का गं?"

"बाबा? नाही तर."

"त्यांनी तुला काही सांगितलंय? सांगितलं असेल तर सांगू नकोस. पण सांगितलंय का?"

संध्याकाळी डॅरिलने तिला गराजमध्ये बोलावलं. तो हॉटडिशच्या चळतीपुढे टोपी काढून उभा होता. "आईचं डॉक्टरांकडे काही जाणं-येणं?"

"नाही हो बाबा!"

"बरं. नाही ना. बरं." त्याने दहावा मासा अर्धवट कोरून ठेवून दिला. "या हंगामात मी तळ्यावर जातच नाही म्हणतो. घरी बसीन. तिच्याजवळ."

मग घरात जे सुरू झालं, ते ब्रिटाने जन्मात पाहिलं नव्हतं. बाबा न सांगता भांडी घासू लागले. आई त्यांच्या हातातून अंगणातल्या बर्फावर टाकायच्या मिठाचं पोतं काढून घेऊ लागली. बाबांनी रजया शिवण्याचा कार्यक्रम टीव्हीवर सलग दोन तास पाहिला आणि "छान टाके आहेत" असंही म्हणाले. आईने त्यांना अकॉर्डियन पुन्हा वाजवायची परवानगी दिली, जी २०१३ मध्ये काढून घेतली होती. बुधवारी चर्चच्या गायनवृंदात जनेलला अचानक एकटीने गायचं कडवं मिळालं. तिचा वरचा सूर दर खेपेला तळ्यात पडायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरीही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघींनी नाक शिंकरलं.

ब्रिटाकडे आता सोळा वर्षांची पत्रं जमली होती. आणखी तीन मिळाली की सगळी कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि गप्प बसायचं, असा तिचा बेत होता. पण गुरुवारी शाळेतून आली, तर दिवाणखान्यात चर्चच्या पास्टर नोरीन बसलेल्या. त्यांनी कॉफीला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा अर्धा कप घेतला होता, म्हणजे त्या बराच वेळ बसणार होत्या.

"यंदा बर्फ लवकर पडणार," पास्टर म्हणाल्या.

"म्हणतात खरं," डॅरिल म्हणाला.

"मला एवढंच म्हणायचंय," पास्टरांनी कप खाली ठेवला, "की आम्ही सगळे आहोत."

"छानच की," जनेल म्हणाली. तिने डॅरिलकडे पाहिलं. डॅरिलने तिच्याकडे पाहिलं. दोघांचेही डोळे भरलेले.

"तूच सांग आता," जनेल म्हणाली. "मी खंबीर आहे."

"मी काय सांगू? तू सांग. काय असेल ते दोघं मिळून बघू."

"अरे, आजार तुझा, आणि मी सांगू?"

"माझा?"

"मग कुणाचा?"

दोघांनी एकदम पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी स्वतःचं नाव आलं की काय म्हणून घाईघाईने कॉफी उचलली.

ब्रिटा दारातच उभी होती, दप्तर पाठीला. गप्प राहिलं तर शुक्रवारी गायनवृंद घरी येणार होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने श्वास घेतला.

"आई, मी सगळं पुसलं."

मग बाकीचं आपोआप बाहेर पडलं: पैज, नवी सिस्टिम, ‘नको’वर गेलेलं बोट, मार्लिस मावशी.

"म्हणजे," पास्टर नोरीन सावकाश म्हणाल्या, "कुणीच मरत नाहीये?"

"तूर्तास तरी नाही," डॅरिल म्हणाला आणि एकदम जनेलला मिठीच मारली. चारचौघांत. पास्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि माझं कडवं?" जनेलने त्याच्या खांद्याआडून विचारलं.

पास्टर क्षणभर घुटमळल्या. "कडवं राहू दे," त्या म्हणाल्या. बाई खरोखरच देवमाणूस होत्या.

पास्टर गेल्यावर ब्रिटाने पाकिटांचा ढीग आईपुढे ठेवला. "सोळा आहेत. तीन वर्षांची कुणाकडेच नाहीत. २०१७ चं तर कुणी पाठवलंच नाही."

"त्यात माझा मूतखडा होता," डॅरिल म्हणाला. "आकृतीसकट."

जनेल ओरडेल, निदान ‘वेगळंच केलंस हं’ म्हणेल, म्हणून ब्रिटा थांबली. पण आई कागद उलगडत होती. ऑस्टबी काकूंच्या प्रतीवर अकॉर्डियनच्या वाक्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘खरं आहे. खिडक्या लावूनही ऐकू येतं.’ एका कागदाला फ्रिजच्या लोहचुंबकाचा गोल गंजका डाग होता. एकावर लोणच्याची कृती लाल शाईने अधोरेखित, पुढे शेरा: ‘मीठ चुकवलंय. मुद्दाम!’ आणि तळ्यापलीकडच्या एल्मर सॅदर आजोबांच्या २०१९ च्या पत्रावर थरथरत्या अक्षरात एवढंच होतं: ‘आर्डिसला दवाखान्यात वाचून दाखवलं. हसली. पुन्हा वाच म्हणाली. तीनदा वाचलं.’

आर्डिस आजी त्याच हिवाळ्यात गेल्या होत्या.

जनेलने तो कागद खूप वेळ हातात धरला. मग बाहीने डोळे पुसले, कॉफी ओतून घेतली आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. निळा डोंगर वीस सेकंदांत उगवला.

"अगं बाई. कप टेकवायलाही वेळ देत नाही हा," ती म्हणाली. "ब्रिटा, यात लिहायचं कुठे?"

ब्रिटाने दाखवलं. तिला आईच्या गळ्यात पडून रडावं, हसावं आणि शंभर वेळा थँक्यू म्हणावं असं एकदमच वाटत होतं. थँक्यू आईला, एल्मर आजोबांना, मिठाची चूक पकडणाऱ्या त्या लाल शाईवालीला, आणि चौदा हॉटडिशना. चौदा!

"पण पाठवायचं कुणाला?" जनेलची बोटं थांबली. "पत्ते गेले ना सगळे."

"चौदा नावं थाळ्यांच्या बुडाला आहेत," डॅरिल गराजच्या दारातून ओरडला. "मी वाचतो, तुम्ही लिहा! पहिली, ऑस्टबी!"

"थाळ्या परत द्यायला हव्यात," जनेल म्हणाली. "रिकाम्या नाही देता येणार. काहीतरी घालून द्यावं लागेल. आणि लोकांना सांगायचं तरी काय? मार्लिसकरवी हळूहळू कानावर घालू. नाताळपर्यंत पोचेल."

"नाही," ब्रिटा म्हणाली.

आईबाबांनी तिच्याकडे पाहिलं. या घरात कुणी कुणाचं म्हणणं असं सरळ खोडून काढलं नव्हतं.

"मी ठरवलंय. शनिवारी मी बिस्किटं भाजणार, चौदा थाळ्या भरणार, आणि चौदाही घरी स्वतः नेऊन देणार. प्रत्येक दारात उभी राहून सांगणार, की चूक माझी होती, कुणी आजारी नाही, आणि तुम्ही पत्रं जपून ठेवलीत त्याबद्दल खूप खूप आभार."

"असं सरळ?" डॅरिलने थाळी छातीशी धरली. "दारातच?"

"अगं, आधी जरा बर्फाबद्दल तरी बोल!" जनेल कळवळून म्हणाली.

"बर्फाबद्दल निघताना बोलेन," ब्रिटा म्हणाली. "आधी हे."