थालीपीठासाठी व्हिसा

राष्ट्राची थोरवी त्याच्या सैन्यावरून ठरत नाही, धान्याच्या कोठारांवरून तर नाहीच. दारात आलेल्या परक्याला ते किती वेळ ताटकळत ठेवते, यावरून ती ठरते. लखनौच्या तेलीबागेतले निवृत्त रेल्वे अभियंता रमाकांत टेंबे यांना हे सत्य २०१४ साली एका रविवारी, दलियाचा वाडगा समोर असताना उमगले. (दलियाचा आदेश डॉक्टरांचा, अंमलबजावणी सुचित्राबाईंची.) कोणत्या देशाच्या पासपोर्टवर किती देशांत व्हिसाविना जाता येते, याचा तुलनात्मक तक्ता वर्तमानपत्रात आला होता. आपला देश गाठायला रमाकांतांना चष्मा पुसून बरेच खाली उतरावे लागले.

"अहो, पण आपल्याला जायचंय कुठे?" सुचित्राबाईंनी विचारले.

"प्रश्न जाण्याचा नाही. न विचारता जाण्याचा आहे," असे म्हणून रमाकांत न विचारता गोमती नगरला निघाले. घरी याची नोंद 'सकाळचे फिरणे' अशी होती. (फिरणे स्कूटरवरून होई.) तिथे त्यांचे मित्र चंद्रहास कर्वे, निवृत्त शास्त्रज्ञ, राहत, आणि दर रविवारी पद्मावहिनी थालीपीठ लावत. वर लोण्याचा गोळा. रमाकांतांचा आठवडा या गोळ्याभोवती फिरत असे.

दुसऱ्याच घासाला त्यांना कल्पना सुचली: लखनौतील मराठी घरांचा प्रवेश-निर्देशांक. कोजागिरीच्या दुधाआधी त्यांनी तो तिथल्या मराठी मंडळात वाचून दाखवला. घरांच्या श्रेणी अशा: बेल वाजताच उघडणारी, 'भैया, एक मिनट' म्हणून सोफ्यावरचे कपडे आत नेल्यावर उघडणारी, आधी फोन करून येण्याचा हेतू कळवावा लागणारी, आणि ज्यांच्या दाराआडून खुद्द साहेबच 'साहब बाहर गए हैं' असे सांगतात, ती.

इथवर सभेला मौज वाटत होती. परंतु रमाकांत तर्काचे पक्के. ज्या देशात शिरायला सर्वाधिक कागद लागतात, तेच देश जगात मानाचे. म्हणून ज्या घरात शिरणे सर्वांत अवघड, ते घर पहिले. या न्यायाने 'साहब बाहर'वाल्या सरोजिनी नगरातल्या एका अधिकाऱ्याला अग्रस्थान मिळाले. कर्व्यांचे घर शेवटचे आले. शेरा होता: 'बेलीआधीच दार उघडते. दर्जा नगण्य.'

"भावजी, थालीपीठ खाऊन वर हा शेरा?" पद्मावहिनींनी विचारले.

"वहिनी, शास्त्रात स्नेह आणू नये."

वहिनींनी तो आणला नाही.

पुढच्या काही महिन्यांत समाजाने जी प्रगती केली, तिला तोड नाही. हळदीकुंकवाला पूर्वपरवाना लागू लागला. बारशाच्या निमंत्रणावर 'प्रवेश एकदाच' असे छापले जाऊ लागले. एका घरी पाहुण्याने परतीची ई-रिक्षा फाटकाशी उभी दाखवल्याखेरीज त्याला पाणी मिळेना. सर्वेक्षणानुसार (सर्वेक्षक: रमाकांत) समाजाची प्रतिष्ठा शेकडा ऐंशीने वाढली आणि चहापत्तीचा खप तेवढाच घटला.

एका रविवारी रमाकांत गोमती नगरला पोचले, तर दाराला साखळी. फटीतून चंद्रहासांचा अर्धा चेहरा दिसला.

"हेतू?"

"अरे यार, चंद्रहास, मी आहे!"

"ते दिसतंय. हेतू?"

"थालीपीठ."

"मुक्काम?"

"दोन. फार तर तीन."

आत कुजबुज झाली. तव्यावरचा खमंग वास साखळीखालून, कोणत्याही परवान्याविना, बाहेर येत होता.

"नामंजूर," चंद्रहास जड आवाजात म्हणाले. "अर्जदार वेळेत परत जाईल असा विश्वास वाटत नाही. ही म्हणते, गेल्या खेपेला तू दुपारची झोपही इथेच काढलीस."

"म्हणजे क्रमांकासाठी मलाही बाहेर ठेवणार?"

"तुझ्याच ताज्या यादीत दुसरा आलाय, रमाकांत. आता घसरायचं नाही."

रमाकांत घरी आले. फिरणे आज इतक्या लवकर कसे आटोपले, असे सुचित्राबाईंनी विचारले नाही. दलिया पुढे केला. तो त्यांनी तत्त्वनिष्ठेने गिळला. पुढचा रविवारही तसाच गेला.

तिसऱ्या रविवारी दारावरची बेल वाजली. न कळवता! रमाकांतांचे बोट आपोआप ओठांवर गेले. सुचित्राबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. दोघे श्वास रोखून बसले.

"घरी नाहीत वाटतं," बाहेरून चंद्रहासांचा आवाज आला. "मला तर करमेना त्याच्यावाचून. डबा गरम आहे तोवर म्हटलं..."

"फोन करून यायला हवं होतं," पद्मावहिनी म्हणाल्या. "चला, लोणी वितळतंय. गाडीतच खाऊन घेऊ."

रमाकांत अर्धे उठले. पण आता दार उघडायचे, म्हणजे इतका वेळ आपण घरातच होतो हे कबूल करायचे. ते पुन्हा बसले. बाहेर गाडीत डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

ज्यांना रमाकांतांचे हसू आले असेल, त्यांनी जरूर हसावे, फक्त हळू. बाहेर कोणी बेलीवर बोट ठेवून उभे असेल, तर आपण घरी आहात हे त्याला कळेल.