सपोट टूरिंग

आमच्या कचेरीच्या दारात धनसिंग नावाचा शिपाई बसतो. माणूस देवभोळा, कामसू आणि चौकस. त्याच्या चौकसपणामुळेच मी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं, हे त्याला अजून माहीत नाही.

झालं असं की गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी घरचा कूलर एकट्याने गच्चीवर चढवायला गेलो. (कूलर गेला. मी जिन्यातच राहिलो.) त्यानंतर महिनाभर अंथरुणाला खिळलो आणि त्या महिन्यात माझी बायको चेतना हिने माझं काय काय केलं, ते इथे लिहिलं तर कचेरीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. उठवणं, बसवणं, शेकणं, बूट घालणं, सगळं तिनेच केलं. बूट तर अजूनही मला तीच घालून देते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढे वाकायचं नाही, पाठ सरळ ठेवून बसायचं आणि हे दुखणं पुन्हा उलटलं तर अंथरूण लवकर सुटणार नाही. तेव्हापासून चेतना रोज मला तिच्या स्कूटरवर मागे बसवून कचेरीत सोडते आणि धनसिंग रोज सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारतो, "साहेब, मॅडम सोडून गेल्या का?"

त्याच्या मनात काही वावगं नसतं. पण बदली होऊन आलेले नवे साहेब हे ऐकून मला केबिनमध्ये घेऊन गेले, पाणी दिलं आणि म्हणाले, "भूपेशराव, धीर धरा, संसारात असं होतं." त्या दिवशी मी ठरवलं, की आता आपल्या गाडीवर, आपल्या हाताने, आपणच कचेरीत यायचं.

गाडी माझ्या मनात होतीच. मिरचीचे व्यापारी भीकमचंदशेठ यांच्या गोदामात ती दोन वर्षं उभी होती. जुनं मॉडेल, पण रुबाब असा की विचारू नका. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचं कवच, हँडल खाली आणि टाकी लांबलचक. शेठजींच्या मुलाने, अभिनंदनने, लांबच्या प्रवासासाठी हौसेने घेतली होती. मागे सामानाचा डबा बसवला आणि बायको अल्पना हिला टेकायला सोयीचं म्हणून डब्याला जाड गादीही शिवून घेतली. अल्पना एकदाही बसली नाही. तिने चारचाकी मागितली, ती आली आणि ही बिचारी लाल मिरचीच्या पोत्यांमध्ये जाऊन पडली.

मी नुसतीच बघायला गेलो. शेठजींनी पोती सरकवून वाट केली. गाडीवर मिरचीच्या भुकटीचा लाल थर बसला होता, तो त्यांनी उपरण्याने झटकला. (वरवरचा झटकला. हे लक्षात ठेवा.)

"सपोट टूरिंग आहे, पाटीलसाहेब," ते म्हणाले. "पूरा सपोट."

"स्पोर्ट," मी म्हणालो. "स्पोर्ट टूरिंग."

"तेच तर सांगतो ना मी. सपोट."

मी त्यांना आणखी एकदा सुधारलं आणि मग नाद सोडला. आमच्याकडे नंदुरबारला 'स्टेशन'चं 'सटेशन' आणि 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं, तिथे बिचाऱ्या स्पोर्टची काय कथा. मी इंग्रजी पेपर वाचणारा माणूस असल्याने मनातल्या मनात हसलो आणि घरी आलो.

खरी अडचण घरी होती. रात्री जेवताना मी भाकरीचा तुकडा मोडत, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगतोय अशा आवाजात म्हणालो, की भीकमचंदशेठकडे एक गाडी विकायची आहे म्हणे, स्पोर्ट टूरिंग. चेतनाने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. तेवढ्यात माझी आई धनुबाई, जिला एका कानाने कमी आणि दुसऱ्या कानाने सोयीपुरतं ऐकू येतं, ती भिंतीला टेकून बसलेली सरळ झाली.

"सपोट शे का त्या गाडीले? मंग ते चांगलंच शे. डॉक्टरनी हाईच सांगं व्हतं ना, कंबरले सपोट पाह्यजे."

वाचकहो, मी खोटं बोललो नाही. माझ्या तोंडात भाकरी होती. ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चावली, इतकंच.

आईचा उत्साह वाढत गेला. गाडीतच सपोट येत असेल तर तो पट्टा कशाला बांधतोस, असं तिने मला विचारलं. आपल्या गुडघ्यांनाही त्याचा काही गुण येईल का, असं चेतनाला विचारलं. सकाळपर्यंत तिने शेजारच्या मंगलाबाईला सांगून टाकलं, की सुरतकडच्या मोठ्या डॉक्टरांनी भूपेशला कंबरेची गाडी लिहून दिली आहे. सुरत या प्रकरणात कुठून आली, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

चेतना मात्र सगळं ऐकून आपली कामं करत राहिली. शेवटी रविवारी सकाळी माझे बूट घालून देताना म्हणाली, "आधी चालाडी पाहा. लेऊ नका, फक्त पाहा. कंबर धरनी ते तठूनच फोन करा." घ्यायची नाही, नुसती चालवून पाहायची आणि कंबर धरली तर तिथूनच फोन करायचा, या सगळ्याला मी हो म्हणालो. फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला. ही पुढची चूक.

शेठजींनी नवी बॅटरी टाकून ठेवलेली गाडी गोदामातून बाहेर काढली, बटण दाबलं आणि तिने असा आवाज दिला की हमालांनी पोती खाली ठेवली. मी तळोद्याच्या रस्त्याला लागलो. खरं सांगतो, पहिली काही मिनिटं मी आयुष्यात इतका सुखी कधी नव्हतो. दोन्हीकडे कापसाची आणि केळीची शेतं मागे पळत होती. एक ट्रॅक्टरवाला मला साइड देत होता, मला! लग्नाआधी मित्राच्या गाडीवर असं एकदा तोरणमाळला गेलो होतो. तेव्हापासून अशी एक गाडी आपली असावी, असं मनात होतं, ते एवढी वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. हँडल खाली असल्याने पुढे झुकावं लागत होतं खरं, पण कंबर कुरकुरत नव्हती. मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली आणि वेग वाढवला.

आता तो लाल थर आठवा. शेठजींनी वरवरचा झटकला होता, पण दोन वर्षांची मिरची त्या प्लास्टिकच्या कवचाच्या आत दबून बसली होती. वेग वाढला, वारा आत शिरला आणि सगळी मिरची बाहेर आली. कुठे, तर थेट माझ्या नाकात. नंदुरबारच्या माणसाला मिरचीने शिंक येत नाही, असा माझा आजवरचा अनुभव होता. पण तो बाजारातून चालत जाण्याचा अनुभव होता. ही मिरची वेगाने येत होती.

पहिली शिंक आली तेव्हा मी पुढे झुकलेलाच होतो. दुसऱ्या शिंकेला कंबरेत कट्ट असा आवाज झाला आणि मी होतो तसाच अडकलो. छाती टाकीवर, हनुवटी काचेमागे, नजर चाकाकडे. पाय टेकवून गाडी थांबवता आली, पण उतरता काही येईना. फोन मागच्या खिशात आणि हात मागे नेला की जीव जातोय. शेवटी गाडी तशीच वळवली आणि घराकडे निघालो. वेग कमी, पण बसायची ढब शर्यतवाल्याची. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बसस्टँडजवळ नेमका धनसिंग उभा होता. त्याने कौतुकाने सलाम ठोकला. मी शिंकलो.

कसाबसा दारात आलो. चेतना भाजी आणायला गेलेली. अंगणात आई आणि मंगलाबाई पापड वाळत घालत होत्या. गाडी पाहताच आई उठली.

"लिधी का गाडी?"

"आई, गाडी लिधी..." इथपर्यंत आलो आणि शिंक आली. 'गाडी घेतली' एवढंच आईच्या कानी पडलं, पुढचं 'नही' शिंकेत वाहून गेलं. पुन्हा सुरुवात केली. "गाडी लिधी..." पुन्हा शिंक. मिरची जणू त्या एकाच शब्दावर टपून बसली होती.

आई तोवर आत जाऊन ताट घेऊन आली होती. टाकीच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मंगलाबाईने चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फुटला आणि त्याचं पाणी माझ्या बुटांवर आलं. मला ओवाळलं तरी मी मान वर करेना, हे पाहून आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी नमस्कारासाठी वाकलो आहे. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडभरून आशीर्वाद दिला.

"आजकालना पोऱ्या कोठे इतला वाकतस, धनुबाई," मंगलाबाई म्हणाली. "तुन्हा पोऱ्याले चांगलं वळण शे."

मग मंगलाबाईलाही नमस्कार झाला, कारण मी तसाच होतो.

तेवढ्यात चेतना आली. ती फाटकातून आत आली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता स्कूटरच्या डिकीतून माझ्यासाठी ठेवलेला जादा कंबरेचा पट्टा काढला. (तो तिथे कायम असतो, हे मला तेव्हा कळलं.) मग माझ्या काखेत हात घालून तिने मला इंच इंच करत उतरवलं, आत नेलं, चटईवर पालथं निजवलं आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली.

मी चटईत तोंड खुपसून म्हणालो, की चेतना, चुकलो. ती सपोर्टची गाडी नाही. मी आईला मुद्दाम सुधारलं नाही.

"मले काय स्पोर्ट आनि सपोर्ट कळस नही का?" ती म्हणाली. मग पिशवी दाबत हळूच सांगितलं, की तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण नको म्हणाली असती, तर न घेतलेली गाडी मी तिला जन्मभर ऐकवत राहिलो असतो. त्यापेक्षा एक दिवस कंबर शेकलेली परवडली, असा तिने हिशेब केला होता. शिवाय, ती म्हणाली, त्या गाडीचं नाव काढलं तेव्हा तुमचा चेहरा पुष्कळ दिवसांनी बरा दिसला.

मला त्या बाईबद्दल जे वाटलं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. माझ्यासारख्या माणसाला अशी बायको मिळाली, याबद्दल मी देवाचे, सासऱ्यांचे आणि ज्यांनी हे स्थळ सुचवलं त्या मामांचे आभार मानले. सगळे चटईतच मानले. सुदैवाने दुखणं उलटलं नव्हतं, नुसती लचक भरली होती. आठवडाभरात मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य बोललो ते हे, की गाडी परत.

पण गाडीची चौकशी करायला घरी आलेल्या शेठजींनी अंगणातूनच हात जोडले. गाडीला कुंकू लागलं, नारळ फुटला, आता ती तुमच्या घरची झाली, ती परत घेतली तर घरात प्यारीबाई मला जेवायला वाढणार नाही, असं त्यांनी सांगितलं. (प्यारीबाई म्हणजे त्यांची बायको.) आईचंही तेच म्हणणं. ओवाळून आत घेतलेलं परत धाडायला ती काय दुकानातून चुकून आणलेलं पातळ आहे?

तरी मी हट्टाला पेटलो. शेवटी चेतनाने पदर खोचला आणि म्हणाली, चला, मीच पोचवते. मला हसू आलं. पण ती शहाद्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नाआधी वडिलांच्या मोटरसायकलला दुधाचे कॅन बांधून डेअरीत जायची, हे मी साफ विसरलो होतो. सगळी गाडी पाण्याने धुवून तिने आतली मिरची आधीच काढून टाकली होती. ती पुढे बसली आणि मी मागे.

आणि मागे बसलो, तर काय सांगू. डब्याची ती गादी नेमकी माझ्या कंबरेच्या खोबणीत बसली. पाठ ताठ, पाय आरामात, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच्या तसं. मिरचीबाजार आला, भीकमचंदशेठचं गोदाम आलं, शेठजी दारातच उभे होते आणि चेतना न थांबता पुढे गेली. तळोद्याच्या रस्त्याला लागल्यावर तिने मान जराशी मागे वळवून विचारलं, कंबर दुखते का? नाही, मी म्हणालो. खरंच दुखत नव्हती. कापसाची शेतं तीच होती, पण या वेळी मला ती नीट दिसत होती.

तर अशी ही गाडी घेतली. आई साऱ्या गल्लीला सांगत फिरते, "मी काय सांगं व्हतं? सपोट शेच गाडीले. फक्त मांगे बठनं पडस." मी आता कोणालाही सुधारत नाही.

आता रोज सकाळी चेतना मला त्या गाडीवर कचेरीत सोडते. धनसिंग मात्र तो प्रश्न विचारायचा बंद झाला आहे. त्याला विचारायची गरजच राहिली नाही. गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला, की साहेबांसकट सगळी कचेरी खिडकीत येऊन उभी राहते, मॅडम सोडून जाताना बघायला.